हाली की कलदार? लातूरला रुजू झालेल्या भाचीस पत्र

नांदेड,
वैशाखाचा पहिला आठवडा

चि. माई हिस,


डोस मोजायचं चेंबर ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेतून परत आलं, नव्या सर्टिफिकेटवरचा आकडा जुन्याशी जुळेना आणि तुझी झोप उडाली, हे मेसेजवरून कळलं. एका दमात तीन प्रश्न विचारलेस. आता कुठला आकडा वापरू? कालपर्यंत ज्यांना डोस दिला त्यांचं काय? आणि मोजमापाचं मानकच बदलत असेल, तर भरवसा कशावर ठेवायचा? फोनवर सांगायला बसलो असतो तर मध्येच तुला ओपीडीतून हाक आली असती. म्हणून कागद घेतला. वाचून झालं की हे पत्र चेंबरच्या पेटीतच ठेव.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचा उलगडा झाला की पहिले दोन आपोआप सुटतात.

तुझ्या आजोळी अजून जुन्या चोपड्या आहेत. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली सिक्का चालायचा आणि बार्शी-सोलापूरकडे, इंग्रजांच्या मुलखात, कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. लातूरच्या आडतीवरचा माल बार्शी लाइट रेल्वेने तिकडे जायचा, त्याचे पैसे कलदारात यायचे आणि इथली मजुरी, सावकारी हालीत चालायची. पोलीस अ‍ॅक्शननंतरही काही वर्षं हा दुहेरी हिशेब राहिला. त्या चोपड्या उघडून बघ, जाणत्या माणसाने रकमेपुढे सिक्का लिहिलेला असतो. जिथे नुसते ‘शंभर रुपये’ लिहिलेत, तिथली रक्कम खोटी नसते, पण तिच्यावरून कुणाचा हिशेब चुकता करता येत नाही.

तुझ्या हातातल्या दोन सर्टिफिकेटांचं तसंच आहे. जुना आकडा त्या वेळच्या मानकावर बांधलेला होता, नवा आजच्या मानकावर असू शकतो. म्हणून मला या पत्रात जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो: ज्या आकड्याचं मानक तुला सांगता येत नाही, तो आकडा रुग्णावर वापरू नकोस. पुढचा सगळा मजकूर एवढ्याच वाक्यासाठी आहे.

मानक बदलतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघ. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे डोस झाला. व्याख्या एका ओळीची, पण मोजायला बसलं की घाम फुटतो. एका ग्रेने पाण्याचं तापमान वाढतं ते सुमारे ०.०००२४ अंश सेल्सिअसने. रोजच्या एका फ्रॅक्शनला तू दोन ग्रे देतेस, म्हणजे तापमानातला फरक एका अंशाच्या हजाराव्या भागाचा निम्मा. जगातल्या मोजक्या राष्ट्रीय प्रयोगशाळा पाण्याची किंवा ग्राफाइटची कॅलरीमीटर बांधून हा एवढासा फरक मोजतात. दुसरी वाट आयनीकरणाची. हवेच्या पोकळीत किती विद्युतभार जमा झाला ते मोजायचं आणि त्यावरून पाण्यातल्या डोसपर्यंत पोचायचं. या दुसऱ्या वाटेवर मध्ये काही भौतिक स्थिरांक लागतात, आणि मानक बदलतं ते बहुधा तिथे.

एककंही बदलत आली आहेत. राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. त्याच्या नावाचं एकक स्टॉकहोमच्या परिषदेत ठरलं १९२८ मध्ये, म्हणजे मधली तेहतीस वर्षं डॉक्टर लोक बरेचदा रुग्णाची कातडी लाल झाली की नाही यावरून डोस ओळखत होते. मग रॅड आला आणि १९७५ साली ग्रे. शंभर रॅडचा एक ग्रे. तुमच्या रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायलींत रॅड दिसला तर दचकू नको. एक रॅड म्हणजे एक सेंटिग्रे, तिथे आकडा तोच राहतो.

आता साखळी कशी आहे ते मनात पक्कं कर. पॅरिसजवळ सेव्र इथे आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्था आहे. देशोदेशीच्या प्रयोगशाळा आपापली मानकं तिथल्या मानकाशी आणि एकमेकींशी ताडून बघतात. आपल्या देशात किलो, मीटर, सेकंद वगैरे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहेत आणि आयनकारी किरणांचं मोजमाप सोपवलेलं आहे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सी आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९७६ पासून दुय्यम मानक प्रयोगशाळांचं जे जाळं चालवलंय, त्यातही आपलं ट्रॉम्बे आहे. तिथून निघालेला आकडा तुझ्या ०.६ घनसेंटिमीटरच्या फार्मर चेंबरवर येतो, चेंबरवरून तुझ्या लिनॅकवर, म्हणजे उपचाराच्या मशीनवर, आणि लिनॅकवरून औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरहून आलेल्या माणसाच्या अंगावर. या साखळीतली शेवटून दुसरी कडी म्हणजे तू. सेव्रच्या माणसाला अहमदपूरचा रुग्ण कधी दिसणार नाही, त्यामुळे त्याच्या सगळ्या काटेकोरपणाचा उपयोग व्हायचा की नाही ते तुझ्या टेबलावर ठरतं.

अलीकडचा बदल आला तो २०१६ मध्ये. किरणांच्या एककांबाबतचा जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याने आपला नव्वदावा अहवाल काढला आणि या क्षेत्रातले मूळ स्थिरांक पुन्हा तपासले. इलेक्ट्रॉन एखाद्या पदार्थातून जाताना किती ऊर्जा गमावतो, हे त्या पदार्थाच्या सरासरी उत्तेजन-ऊर्जेवर अवलंबून असतं. ग्राफाइटसाठी ती ७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरत असत, अहवालाने ८१ सांगितली. पाण्यासाठी ७५ होती, ती ७८ झाली. हवेची ८५.७ तशीच राहिली. अनेक देशांची कोबाल्ट-किरणांची मानकं ग्राफाइटच्या पोकळ चेंबरवर उभी आहेत. ग्राफाइट आणि हवा यांच्यातलं गुणोत्तर सरकलं, तशी ती मानकंही सरकली, पण एक टक्क्याहून कमी. इतक्या लहान फरकासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी आपले दाखले, आपले तक्ते पुन्हा लिहायला घेतले.

त्याच अहवालातली एक गोष्ट मला फार आवडते. हवेत आयनांची एक जोडी तयार व्हायला सरासरी ३३.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हा आकडा त्यांनी तसाच ठेवला, पण त्याची अनिश्चितता ०.०५ होती ती ०.१२ केली. किंमत तीच ठेवली आणि सांगितलं की आम्हाला वाटत होती तेवढी खात्री आम्हाला नाही. नोकरीत तुझ्यावर असे प्रसंग येतील. वरिष्ठ विचारतील, “आकडा बरोबर आहे ना?” तेव्हा ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणून थांबायचं नाही. किती खात्रीने बरोबर आहे, तेही त्यांना सांगायचं.

यानंतर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही बदलली. पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्याऐवजी तो प्लांकच्या स्थिरांकावर ठरू लागला आणि इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराची किंमत कायमची ठरवून दिली गेली. ग्रेच्या व्याख्येत किलो आहे म्हणून कुणी घाबरवलं तर हसून सोड. त्या बदलाने तुझ्या डोसमध्ये मोजता येईल असा काही फरक पडलेला नाही. तुझ्यासाठी महत्त्वाची आहे ती अणुऊर्जा एजन्सीची नियमावली, तांत्रिक अहवाल क्रमांक ३९८. ती आली २००० साली आणि तिची सुधारित आवृत्ती निघाली २०२४ मध्ये. किरणांच्या गुणवत्तेप्रमाणे चेंबरला जो दुरुस्ती-गुणक लावतात, त्याचे नवे तक्ते तिच्यात आहेत, आणि ते वर सांगितलेल्या नव्या स्थिरांकांवर बांधलेले आहेत.

आता दुसरा प्रश्न. कालपर्यंतच्या रुग्णांना चुकीचा डोस गेला का? मानकातल्या अशा बदलामुळे तरी नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांचं ज्ञान आलंय कुठून? साठ ग्रे दिले की गाठ किती विरघळते, गिळताना किती दुखतं, कातडी कधी सोलते, हे त्यांनी वर्षानुवर्षं रुग्ण बघून ठरवलं, आणि ते साठ ग्रे त्या त्या काळच्या मानकातले होते. म्हणून मानक सरकलं की खरी काळजी पुढची असते. कागदावर ‘साठ’च राहील आणि शरीरात जाणारी ऊर्जा किंचित बदलेल. अर्धा-पाऊण टक्का असेल तर डॉक्टर बहुधा म्हणतील, चालू द्या. पण ते त्यांनी म्हणायचं, तू परस्पर ठरवायचं नाही. बदल लागू करण्याआधी त्यांच्यासमोर बस आणि साध्या भाषेत सांग: अमुक तारखेपासून आपला एक ग्रे पूर्वीच्या मानाने इतका कमी किंवा इतका जास्त असेल. त्यांची सही घे.

तू म्हणशील, रुग्णालयातल्या मापाची अनिश्चितताच दीड टक्क्याच्या आसपास, मग पाऊण टक्क्याचं एवढं काय घेऊन बसायचं? फरक असा, की अनिश्चितता आज इकडे तर उद्या तिकडे जाऊ शकते, पण मानकातला फरक प्रत्येक रुग्णाला, रोज, एकाच बाजूने लागतो. दिलेला डोस ठरलेल्या डोसच्या पाच टक्क्यांच्या आत हवा, ही जुनी मर्यादा तू शिकलीसच. त्या पाचात प्लॅनिंगची चूक, रुग्ण हलल्याची चूक, मशीनची चूक, सगळ्यांचा वाटा असतो. तुझ्या वाट्याला जेमतेम दीड-दोन टक्के येतात. त्यातला पाऊण टक्का निष्काळजीपणाने घालवायला आपण काही श्रीमंत नाही.

पहिला प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे हात चालवावे लागतात. आकडा बदलण्याची कारणं मानकाच्या बाहेरचीही असू शकतात. आधी ती एकेक काढून टाक.

चेंबर पाठवण्याआधी स्ट्रॉन्शियम-९० च्या चेक सोर्सवर रीडिंग घेतलं होतंस ना? परत आल्यावर त्याच मांडणीत पुन्हा घे, सोर्सचा क्षय धरून हिशेब कर. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले तर प्रवासात चेंबर बिघडलेलं नाही, बदल प्रयोगशाळेच्या बाजूचा आहे. जुळले नाहीत तर ते चेंबर बाजूला ठेव आणि दुसऱ्याने काम कर. दुसरं चेंबर नसेल तर या वर्षीच्या खरेदीच्या मागणीत पहिल्या ओळीत तेच लिही.

मग सर्टिफिकेट नीट वाच. चेंबरचा आणि इलेक्ट्रोमीटरचा सिरियल नंबर ताडून बघ. दोन्ही एकत्र कॅलिब्रेट झालेत की वेगवेगळे, ते बघ. कॅलिब्रेशनचा गुणक पाण्यातल्या डोसचा आहे की हवेतल्या केर्माचा, ते बघ. फार्मर चेंबरसाठी या दोन गुणकांत जवळजवळ दहा टक्क्यांचं अंतर असतं, तिथे गफलत झाली तर नव्वदाव्या अहवालाची चर्चा व्यर्थ आहे. संदर्भ तापमान बघ. आपल्याकडे २० अंश सेल्सिअस धरतात, अमेरिकी पद्धतीत २२. वीसच्या जागी बावीस धरलंस तर ०.७ टक्क्याचा फरक पडतो, म्हणजे जगाने अनेक वर्षं खपून जो बदल केला, साधारण तेवढाच. आणि मानक कुठल्या स्थिरांकांवर उभं आहे, जुन्या की २०१६ नंतरच्या, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर प्रयोगशाळेला ईमेल करून विचार. विचारण्यात कमीपणा नाही. तिथली माणसं असल्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि आलेलं उत्तर सर्टिफिकेटला पिन करून ठेवायचं.

इथवर सगळं स्वच्छ झालं की बदल लागू करायचा, पण पूर्ण संच एकदम. नवा गुणक आणि जुना तक्ता, किंवा जुना गुणक आणि नवा तक्ता, अशी सरमिसळ करायची नाही. एक तारीख ठरव, शक्यतो मशीनच्या मेंटेनन्सचा दिवस धर. त्या दिवशी वर्कशीट, स्प्रेडशीट, भिंतीवरचा कागद, प्लॅनिंग सिस्टिममधली नोंद, सगळं बदल आणि जुनी वर्कशीट रद्द असा शिक्का मारून कपाटात टाक. फाडू मात्र नको.

एवढं बजावतो त्याला कारण आहे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या रुग्णालयात १९८२ साली कॉम्प्युटरवर प्लॅनिंग सुरू झालं. अंतराची दुरुस्ती कॉम्प्युटर आतल्या आत करत होता आणि माणसं जुन्या सवयीने तीच दुरुस्ती हाताने पुन्हा करत राहिली. हे १९९१ पर्यंत चाललं. सुमारे एक हजार रुग्णांना कमी डोस गेला, काहींना तीस टक्क्यांपर्यंत कमी. कुणी आळशी नव्हतं की अडाणी नव्हतं. नवी पद्धत आली तेव्हा जुनीतलं काय बंद करायचं, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कोस्टारिकात १९९६ मध्ये कोबाल्टचा नवा सोर्स बसवला, तेव्हा ०.३ मिनिट हे ३० सेकंद समजून हिशेब झाला, खरे ते १८ सेकंद. एकशे पंधरा रुग्णांना पन्नास-साठ टक्के जास्त डोस गेला. त्याआधी अमेरिकेत, ओहायोच्या कोलंबस शहरात, १९७४ ते ७६ या काळात कोबाल्टच्या क्षयाचा आलेखच चुकीचा काढला गेला आणि प्रत्यक्ष मोजून बघायचं राहिलं. चारशेहून जास्त रुग्णांना त्याची झळ लागली. यातली एकही दुर्घटना स्थिरांकातल्या पाऊण टक्क्याने झाली नाही. मानक सुधारणारे लोक दशांश चिन्हापुढच्या घरात काम करत असतात आणि रुग्ण दगावतो तो दशांश चिन्हाच्या अलीकडच्या चुकीने. तुला दोन्ही घरं सांभाळायची आहेत, आणि अलीकडचं आधी.

आता आपल्या मुलखाचं ऐक. हे तुला कुठल्या पाठ्यपुस्तकात लातूरचं नाव घालून मिळणार नाही.

ट्रॉम्बे समुद्राला लागून आहे आणि लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर. तुझं चेंबर हवेला उघडं असतं. उंचीवर हवा विरळ, म्हणून चेंबरमधली हवा कमी आणि रीडिंगही कमी. संदर्भ दाब १०१३ हेक्टोपास्कल. लातूरला बॅरोमीटर खरा असेल तर तो ९४० च्या आसपास दाखवेल, इथे नांदेडला, ३६० मीटरवर, ९७० च्या आसपास. मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप मात्र लातूरलाही हजाराच्या वरचा आकडा दाखवेल, कारण ते दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतं. कुणी तो आकडा वर्कशीटमध्ये टाकला तर आउटपुट सात टक्क्यांनी कमी आलंय असं दिसेल. मग मशीन ‘दुरुस्त’ होईल आणि प्रत्येक रुग्णाला सात टक्क्यांहून जास्त डोस जाईल. नांदेडला हीच चूक चार टक्क्यांची. म्हणजे अ‍ॅपवरून घेतलेला एक आकडा पाच टक्क्यांची अख्खी मर्यादा ओलांडून जातो. तेव्हा बॅरोमीटर स्वतःचा ठेव आणि त्याचंही कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करून घे. खरेदी विभाग म्हणेल, दाब मोजायला एवढे पैसे कशाला? त्यांना ही टक्केवारी दाखव.

तापमानाचंही तसंच. मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला आणि फॅन्टममधलं, म्हणजे मोजमापाच्या टाकीतलं, पाणी ३२ अंशांवर गेलं, तर २० अंशांच्या मानाने चेंबरमधली हवा चार टक्क्यांनी विरळ होते. लक्षात घे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दाबाची आणि तापमानाची, दोन्ही दुरुस्त्या एकाच दिशेच्या असतात. मुंबईत एखादी विसरली तर थोडक्यात निभावेल. लातूरला दोन्ही विसरल्या तर अकरा-बारा टक्क्यांचा खड्डा. थर्मामीटर पाण्यात बुडवून वाच, खोलीच्या भिंतीवरचा वाचू नको. फॅन्टममध्ये पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेव, म्हणजे पाणी, चेंबर आणि खोली तिघांचं तापमान सकाळपर्यंत एक होईल. तीस सेंटिमीटरच्या फॅन्टमला सत्तावीस लिटर पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे तुला आठवतच असेल. पुन्हा तसा उन्हाळा आला तर कुणीतरी म्हणेल, या महिन्याचं मोजमाप राहू द्या. त्यासाठी दोन कॅन आधीच बाजूला भरून ठेव, पण मोजमाप चुकवू नको.

पावसाळ्यात चेंबर आणि केबल सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं. ओल धरलेली केबल गळती दाखवते आणि माणूस दिवसभर मशीनवर संशय घेत बसतो.

दर वेळचं मोजमाप वहीत लिहिताना आकड्याशेजारी त्याचं मूळ लिही: चेंबर नंबर, सर्टिफिकेटची तारीख, कुठली नियमावली, तक्ता कुठल्या आवृत्तीतला, दाब कशावर वाचला, पाणी किती अंश. हा सिक्का लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. तू बदली होऊन गेलीस तरी तुझ्यामागून येणाऱ्या पोराला तुझा आकडा वापरता आला पाहिजे.

बाहेरून पोस्टाने डोस नोंदवणाऱ्या टीएलडीच्या कॅप्सूल येतात, त्यांच्यावर ठरलेला डोस देऊन त्या परत पाठवायच्या, ते तपासणीचं काम कधी टाळू नको. अणुऊर्जा एजन्सी आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून अशी टपाली तपासणी करत आहेत आणि आपल्याकडेही भाभा केंद्र ती करतं. काही लोक कॅप्सूल आल्या की त्या दिवशी मुद्दाम जास्त काळजीने मोजतात. असं करू नको. रोज जसं काम करतेस तसंच त्या दिवशी कर, नाहीतर तपासणी तुझ्या रोजच्या कामाची होणार नाही. निकाल पाच टक्क्यांबाहेर आला तर आधी स्वतःचा हिशेब उघड, मग बाकीच्यांचा.

स्टाफच्या अंगावरच्या डोस नोंदवणाऱ्या बॅजचंही मोजमापच आहे, पण लोक त्याला ओळखपत्रासारखं वागवतात. बॅज छातीवर, लेड एप्रन असेल तर त्याच्या आत. कंट्रोल बॅज किरणांपासून लांब, तुझ्या कपाटात. ड्युटी संपल्यावर एप्रनला अडकवून एक्स-रे रूममध्ये राहिलेल्या बॅजवर डोस चढला, तर तो माणसाचा की भिंतीचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०, हे आकडे नव्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी तोंडपाठ करून घे.

शेवटचं, आणि हे वयाच्या अधिकाराने सांगतो. रुग्णालय गर्दीचं आहे. लांबून लांबून लोक येतात, सोबतचा माणूस रोजंदारी बुडवून आलेला असतो, एक दिवस मशीन बंद म्हटलं की व्हरांड्यात कुरकुर सुरू होते. त्या कुरकुरीला घाबरून शंकेचा आकडा पुढे ढकलू नको. आज नाही म्हटलेल्या रुग्णाला उद्या बोलावता येतं, चुकून गेलेला डोस परत काढता येत नाही. मशीन थांबवायचं ठरवलंस तर व्हरांड्यात स्वतः जा आणि लोकांना खरं कारण सांग. माप तपासतोय म्हटल्यावर आपली माणसं समजून घेतात. मापात खोट असली की काय होतं, हे मोंढ्यात माल घालणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

तेव्हा सोमवारी एवढं कर. चेक सोर्सचं रीडिंग घे. दोन्ही सर्टिफिकेटांचे फोटो मला पाठव. प्रयोगशाळेला ईमेल कर. उत्तर येईपर्यंत मशीनचं आउटपुट जुळवून घेऊ नको. तोवर जुन्याच आकड्याने काम चालू दे, आणि तसं चालू ठेवल्याची नोंद तारखेसह वहीत कर. डॉक्टरांना आजच सांगून ठेव की येत्या काही दिवसांत एक बैठक लागेल.

आईबाबांना नमस्कार. मे अखेरीस तिकडे यायचा विचार आहे.

तुझा,
मामा

ता. क. तुमच्याकडे बॅरोमीटर आहे का, असेल तर कुठल्या खोलीत आहे आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख काय, हे सर्टिफिकेटांच्या फोटोबरोबरच कळव. मानकातला फरक फार तर टक्काभराचा असेल, बॅरोमीटर नसेल तर आपला प्रश्न सात टक्क्यांचा आहे.